गळणे आणि गाळणे

मराठीत 'गळणे' आणि 'गाळणे' या दोन क्रियापदांमध्ये एका कान्याचे अंतर आहे. पान गळते, छप्पर गळते, केस गळतात. तिथे कर्ता शोधावा असे कोणाला वाटत नाही. चहा मात्र कोणीतरी गाळतो, आणि छापायला दिलेल्या लेखातली ओळही कोणीतरी गाळतो. ओळ गाळणाऱ्याला आपण संपादक म्हणतो आणि त्याच्यावर रागावता तरी येते. व्याकरणाच्या तासाला हा फरक अकर्मक-सकर्मक या जोडीने पाच मिनिटांत उरकतो. माझ्यापुरता तो एवढ्यात उरकला नाही, म्हणून हे टिपण.

२०१२ साली मी पुण्यातल्या एका संशोधन-संस्थेत विदाविश्लेषक म्हणून काम करीत होते. ('डेटा'साठी मराठी संगणकमंडळींनी रूढ केलेला 'विदा' हा शब्द मला आवडतो, त्यात उर्दूतला निरोप ऐकू येतो, त्याला इलाज नाही.) आधी संख्याशास्त्राची पदवी आणि मग मराठीचे एम. ए. अशा विचित्र क्रमाने शिक्षण झाल्यामुळे दोन्ही घरांत मी पाहुणीच. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात शाळागळतीची पाहणी झाली होती. वर्षभर पटावर असलेले मूल पुढच्या जूनमध्ये शाळेत आले की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याची कारणे शोधण्यासाठी लांबलचक प्रश्नावली होती: घरची जमीन, आईचे शिक्षण, वडिलांचे शिक्षण, भावंडांची संख्या, शाळेचे अंतर, वर्षातले गैरहजेरीचे दिवस, मुलगा की मुलगी, आणि घरातली माणसे ऊसतोडीला जातात का. हा शेवटचा प्रश्न बीडमध्ये विचारावाच लागतो. दिवाळीच्या आगेमागे तिथून माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, मुकादम त्या जोडीला आगाऊ उचल देतो, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, बिऱ्हाड उसाच्या फडाजवळच्या कोपीत असते. लेकरेही बरोबर असतात.

अहवाल इंग्रजीत झाला. एम. ए. केल्याची शिक्षा म्हणून त्याचा मराठी गोषवारा माझ्याकडे आला. तक्ता मीच केलेला होता, वाक्येही मीच उतरवली. त्यांतले एक असे: 'स्थलांतर हे चल अंतिम प्रतिमानातून गळले.' इंग्रजी वाक्य कर्मणी प्रयोगात होते. त्यात कर्ता दडलेला होता, पण निदान त्याची जागा रिकामी दिसत होती. माझ्या मराठीत ती जागाही उरली नाही. मला ते वाक्य तेव्हा चांगले वाटले होते. सुटसुटीत, अनुवादाचा वास नसलेले.

पंचायत समितीच्या सभागृहात गोषवाऱ्याचे वाचन झाले. चहा झाला. मागच्या रांगेतले एक मुख्याध्यापक उठले. जिल्हा परिषदेच्या शाळेतले, निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. हातात गोषवाऱ्याची प्रत होती आणि त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ.

"मॅडम, हे गळलं म्हणजे कसं? आपोआप गळलं, का तुम्ही गाळलं?"

सभागृहात थोडे हसू पसरले. मी म्हणाले, "गुरुजी, ते संगणकानं काढलंय."

"बरं," ते म्हणाले आणि खाली बसले. त्यांनी डायरीत काहीतरी लिहून घेतले. पुढची आभारप्रदर्शने मला आठवत नाहीत.

माझे उत्तर खोटे नव्हते. ते कसे खरे होते हे सांगायचे तर थोडी तांत्रिक वाट चालावी लागेल. साहित्याच्या वाचकांनी कृपया पान उलटू नये, वाट फार लांबची नाही. एखाद्या राशीचे मूल्य इतर अनेक राशींच्या आधाराने सांगण्याच्या रीतीला संख्याशास्त्रात रिग्रेशन म्हणतात. पाठ्यपुस्तकांतला शब्द 'समाश्रयण'. वर्गात तो कोणी उच्चारत नसे, पण त्यातला 'आश्रय' मला मूळ इंग्रजी शब्दाहून अर्थपूर्ण वाटतो. इंग्रजी शब्दात मागे सरकणे आहे: फ्रान्सिस गाल्टन यांना १८८० च्या दशकात दिसले की फार उंच आईबापांची मुले सरासरीकडे मागे सरकतात, त्यावरून ते नाव पडले आणि गाल्टन यांचा विषय मागे पडल्यावरही चिकटून राहिले. मराठी शब्दात मात्र एक संख्या इतर संख्यांच्या आश्रयाला गेलेली दिसते. कोणाकोणाच्या आश्रयाला जायचे, हाच चलांच्या निवडीचा प्रश्न.

मी वापरत होते ती आज्ञावली म्हणजे 'आर'. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेली, २००० साली एक-पूर्णांक आवृत्तीला पोचलेली आणि आजही फुकट मिळणारी. (बैलाला टोचायच्या पराणीच्या टोकाला असते तीही आरच.) तिच्यात 'स्टेप' नावाची एक आज्ञा आहे. सगळी चले घालून प्रतिमान तयार करायचे आणि स्टेपच्या स्वाधीन करायचे. ती प्रत्येक चल एकेकदा बाहेर काढून पाहते आणि प्रत्येक वेळी एक आकडा काढते. हा आकडा जपानी संख्याशास्त्रज्ञ हिरोत्सुगु अकाइके यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या निकषाचा, एआयसीचा. विद्याशी मेळ जितका चांगला तितका हा आकडा लहान. पण प्रतिमानात वाढणाऱ्या प्रत्येक गुणांकामागे त्यात दोनाचा दंड मिळवला जातो. चल काढल्याने आकडा कमी होत असेल तर चल जाते. मग उरलेल्यांवर पुन्हा तोच खेळ. कोणालाही काढून फायदा होईनासा झाला की स्टेप थांबते आणि उरलेल्यांची यादी पडद्यावर येते. आपण चहाला जाऊन यावे इतकाही वेळ लागत नाही.

आता उदाहरण. माझ्या पाहणीचे आकडे माझे नाहीत, म्हणून आरबरोबर आयता येणारा एक विदा घेते. तो कोणालाही उघडून पाहता येईल. त्याचे नाव 'स्विस'. स्वित्झर्लंडच्या फ्रेंचभाषक भागातले ४७ प्रांत, काळ १८८८ च्या सुमाराचा. युरोपात कुटुंबे लहान होऊ लागली त्या दिवसांतला हा तक्ता. प्रत्येक प्रांताचा जननदर, आणि त्याच्या शेजारी पाच रकाने: शेतीवर असलेल्या पुरुषांचे प्रमाण, सैन्यभरतीच्या परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण, प्राथमिकच्या पुढे शिकलेल्या भरती-उमेदवारांचे प्रमाण, कॅथलिकांचे प्रमाण आणि अर्भकमृत्यू. जिनिव्हा शहराची ओळ पाहावी: शेती १.२ टक्के, पुढे शिकलेले ५३ टक्के, आणि जननदर ३५, साऱ्या तक्त्यात सर्वांत कमी. एका ओळीत एक शहर उभे राहते. मला असे तक्ते वाचायला आवडतात. त्यात पात्रे नसतात, पण गावे असतात.

पाचही चले घातली की जननदरातल्या चढउतारांपैकी सुमारे ७०.७ टक्के हिशोबात येतात आणि एआयसी १९०.६९ निघतो. स्टेपला सोडले की ती एकच चल काढते, परीक्षा. एआयसी होतो १८९.८६. हिशोबात येणारा भाग ६९.९ टक्क्यांवर उतरतो. झाले, परीक्षा गळली.

पण पाहा. जननदराशी परीक्षेचा एकट्याने सहसंबंध आहे उणे ०.६५. शिक्षणाचा आहे उणे ०.६६. म्हणजे दोघींचे वजन जवळजवळ सारखे. शिवाय परीक्षा आणि शिक्षण यांचा आपसातला सहसंबंध अधिक ०.७०. एकाच घरच्या या दोघी. एक बोलली की दुसरीला वेगळे सांगण्यासारखे फारसे उरत नाही. स्टेपने एकीला ठेवले, दुसरीला काढले, आणि तेही एआयसीतल्या एका पूर्णांकाहून कमी फरकावर. काढल्यानंतर काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. शिक्षणाचा गुणांक उणे ०.८७ होता तो उणे ०.९८ झाला. गेलेलीचा वाटा राहिलेलीच्या पदरात पडला. अहवाल लिहिणारा आता लिहील, 'शिक्षणाचा परिणाम मोठा, परीक्षेचा नाही'. आणि वाचणाऱ्याला वाटेल की स्वित्झर्लंडने तसे सांगितले.

याच तक्त्यात आणखी एक गंमत आहे. एकट्याने पाहिले तर जिथे शेती जास्त तिथे जननदर जास्त, सहसंबंध अधिक ०.३५. बाकीची चले शेजारी आली की शेतीचा गुणांक उणे ०.१७ होतो. चिन्हच उलटते. दोन्ही आकडे बरोबर आहेत; प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिला विचारतो, शेतीची गावे कशी असतात? दुसरा विचारतो, शिक्षण, धर्म, परीक्षा आणि अर्भकमृत्यू सारखे असलेल्या दोन गावांत शेतीने काय फरक पडतो? अशी दोन गावे कुठे असतील तर. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो हे आपण साहित्याच्या वर्गात उठताबसता सांगतो. गुणांकाचा अर्थही त्याच्या शेजाऱ्यांवर ठरतो, हे मी संख्याशास्त्राच्या वर्गात पाठ केले होते, आणि बीडच्या तक्त्यापाशी विसरले.

कारण त्या तक्त्यात स्थलांतराला असे दोन शेजारी होते. एक, जमीन. ज्यांना जमीन नाही किंवा कोरडवाहू तुकडा आहे, तेच बहुधा कोयता घेऊन जातात. इथपर्यंत स्वित्झर्लंडचीच गोष्ट. दुसरा शेजारी अधिक कपटी होता: गैरहजेरीचे दिवस. घर ऊसतोडीला गेले की मूल पाच-सहा महिने शाळेत नसते. शाळा सुटण्याकडे जाणारी वाट त्या गैरहजेरीतूनच जाते. मी गैरहजेरी प्रतिमानात ठेवली आणि तिच्या शेजारी स्थलांतराला उभे केले. म्हणजे संगणकाला विचारले, गैरहजेरी सारखीच असलेल्या मुलांत स्थलांतराने काय फरक पडतो? हे, भिजण्याची गोष्ट सोडून पावसाने माणूस ओला होतो का, असे विचारण्यासारखे आहे. संगणकाने प्रामाणिक उत्तर दिले: फारसा नाही. स्थलांतर गेले. गैरहजेरी मात्र दिमाखाने उरली, तिच्यापुढे तीन तारे. (आर महत्त्वाच्या चलांपुढे तारे छापते. शाळेतल्या वहीतल्या 'छान'सारखे ते दिसतात आणि तसेच भुलवतात.) गोषवाऱ्यात त्यामुळे निघाले ते असे की शाळागळतीचे मुख्य कारण मुले शाळेत न येणे हे आहे. मी हे लिहिले. त्यावर सही नव्हती, पण अक्षर माझे होते.

प्रकल्पप्रमुखांना एका पानावर मावणारा तक्ता हवा होता हे खरे. ती सबब मी बराच काळ स्वतःला सांगितली. पण गैरहजेरीचा रकाना कुठून येतो, हे त्या संस्थेत मला ठाऊक होते आणि आज्ञावलीला ठाऊक नव्हते. तिच्यापुढे सगळे रकाने म्हणजे नावे लावलेल्या आकड्यांच्या ओळी. कोणती गोष्ट आधी घडली, कोणती तिच्यामुळे घडली, हे आकड्यांत लिहिलेले नसते. तिचे काम होते कमीत कमी रकान्यांत चांगला अंदाज देणारी यादी काढण्याचे. ते तिने केले. कोणत्या मुलाची शाळा सुटेल याचा अंदाज करायचा असेल, तर गैरहजेरी पुरते. हजेरीपट उघडला की झाले. मला मात्र कशामुळे सुटते हे सांगायचे होते, आणि मी अंदाजाच्या यादीवर कारणांचे शीर्षक लावले.

जी चले उरली त्यांच्या ताऱ्यांवर तरी किती भरवसा ठेवावा? डेव्हिड फ्रीडमन यांनी १९८३ साली एक छोटा निबंध छापला. त्यात त्यांनी संगणकाकरवी निव्वळ यादृच्छिक आकड्यांचा तक्ता बनवला: १०० ओळी, ५० चले, कशाचा कशाशी काही संबंध नाही. सगळी चले घालून रिग्रेशन केले. मग त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्या चलांपुरतीच चाळणी लावली, १५ उरली. त्या पंधरांवर पुन्हा रिग्रेशन केले, तर त्यांपैकी ६ चले नेहमीच्या पाच टक्क्यांच्या कसोटीला उतरली. सगळा भुसा होता, आणि दोनदा पाखडल्यावर त्यात दाणे दिसू लागले. ज्या विद्यावरून निवड केली त्याच विद्यावर निवडीची परीक्षा घेतली, की असे होते. आपल्याकडेही याचा अनुभव नाही असे नाही: आधी सिद्धान्त ठरवून मग कवीच्या ओळी वेचल्या, तर सिद्धान्त सिद्ध होतोच. पुढे रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९६ साली 'लॅसो' ही अधिक संयमी पद्धत आणली. पण सख्ख्या बहिणींपैकी एकीलाच बहुधा फास टाकून घेण्याची खोड तिलाही आहे.

स्वित्झर्लंडचा तो तक्ता आरमध्ये आला तो फ्रेडरिक मॉस्टेलर आणि जॉन टुकी यांच्या १९७७ च्या पुस्तकातून. रिग्रेशनच्या गुणांकांची दुःखे अशा अर्थाचे शीर्षक असलेले एक आख्खे प्रकरण त्या पुस्तकात आहे. संख्याशास्त्रात इतके करुण शीर्षक मी दुसरे पाहिलेले नाही. आणि हे मॉस्टेलर साहित्याच्या माणसांनाही परके नसावेत. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ मध्ये 'फेडरलिस्ट' नावाने ८५ लेख निघाले. ते अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे यांनी एकाच टोपणनावाने लिहिले. त्यांपैकी १२ लेख हॅमिल्टन यांचे की मॅडिसन यांचे, हा वाद दीडशे वर्षे चालू होता. मॉस्टेलर यांनी तो आकड्यांनी सोडवायचे ठरवले. प्रश्न तोच, चले कोणती घ्यायची?

त्यांनी १९४० च्या सुमारास, फ्रेडरिक विल्यम्स यांच्यासह, पहिल्यांदा घेतले वाक्याच्या लांबीचे चल. लेखकाची शैली वाक्यात दिसणार, हे आपणही म्हटले असते. कष्टाने शब्द मोजले. हॅमिल्टन यांच्या वाक्याची सरासरी ३४.५५ शब्द आली, मॅडिसन यांची ३४.५९. दोघेही एकाच शालेय वळणाचे, लांब पल्ल्याचे लेखक. कष्ट वाया गेले असे म्हणवत नाही, कारण एवढे सुंदर अपयश क्वचित वाट्याला येते. विषय बाजूला पडला.

तो पुन्हा हलला तो एका पत्राने. डग्लस अडेअर या इतिहासकाराने १९५९ साली मॉस्टेलर यांना कळवले की 'असताना' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची दोन रूपे आहेत, 'व्हाइल' आणि 'व्हिल्स्ट'. हॅमिल्टन पहिले वापरतात, मॅडिसन दुसरे. हे कोणत्या यंत्राने शोधले नव्हते. दोन माणसांचे कागद वर्षानुवर्षे वाचलेल्या एका माणसाच्या कानाला ते खटकले होते. पण हा शब्द प्रत्येक लेखात येत नाही. म्हणून मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी आणखी शब्द शोधले, बहुतेक सारे किरकोळ: 'वर', 'ने', 'कडे' अशा अर्थांचे. हॅमिल्टन 'अपॉन' हा शब्द सढळ हाताने वापरतात, मॅडिसन क्वचित. युद्धासारखे विषयाचे शब्द त्यांनी संशयाने पाहिले. कारण तो शब्द लेखक कोण हे न सांगता लेख कशावर आहे तेवढेच सांगेल. शेवटी ३० शब्द ठरले, आणि १९६४ च्या त्यांच्या पुस्तकात ते बाराही लेख मॅडिसन यांचेच असावेत, असा निष्कर्ष निघाला. ५५ व्या लेखाबाबत पुरावा सर्वांत क्षीण आहे, हेही त्यांनी लपवले नाही. मला त्या पुस्तकात सर्वांत भावते ती त्यांची आणखी एक भीती: आपण शब्द निवडले तेच मुळी फरक दिसला म्हणून, तेव्हा तो फरक आपल्याला खऱ्याहून मोठा दिसत असणार. त्यासाठी त्यांनी हिशोबातच कपात केली. दिमाख आवरायची ही रीत मला बीडच्या आधी ठाऊक असायला हवी होती.

अडेअर यांच्या पत्राबद्दल मी वाचले ते त्या सभेनंतर बऱ्याच महिन्यांनी, आणि वाचताना माझ्यासमोर दुसरे एक पत्र होते. सभेनंतर तीनेक आठवड्यांनी संस्थेच्या पत्त्यावर एक पाकीट आले होते. आत वहीचे एक रेघी पान, दोन्ही बाजूंनी भरलेले. अक्षर फळ्यावरचे, वळणदार. गुरुजींनी सभेत डायरीत उतरवले होते ते हेच असावे. सुरुवातीला 'मॅडमना स. न.' आणि लगेच प्रश्न, क्रमांक घालून. वर एकच ओळ: पुढच्या वेळी हेही विचारा.

त्याआधीच मी एका शनिवारी फाइल पुन्हा उघडली होती. गैरहजेरीचा रकाना बाजूला ठेवला, जमीन राहू दिली, आणि स्टेपला न बोलावता स्थलांतर हाताने आत घातले. ते ठाम उभे राहिले. प्रकल्पप्रमुखांना मी दोन पानांचे टिपण दिले. त्यांनी ते वाचले, बरोबर आहे म्हणाले, आणि अहवाल छापून वाटला गेला आहे याची आठवण करून दिली. शुद्धिपत्र निघाले नाही. मीही फार आग्रह धरला नाही. पुढे मी ती नोकरी सोडली. कारण वेगळे होते, आणि इथे त्याला स्टेपसारखे गाळायला माझी हरकत नाही.

गुरुजींच्या पानाला मात्र मला काही उत्तर देता आले नाही. त्यांचे प्रश्न ज्या रकान्यांचे होते, ते आमच्या तक्त्यात नव्हतेच. पाच चलांतून चार निवडणारी, चाळिसांतून सहा निवडणारी आज्ञावली कितीही शहाणी असो, तिच्यापुढे जे मांडले त्यातूनच ती निवडणार. आमची प्रश्नावली पुण्यात एका टेबलाभोवती बसून तयार झाली होती. म्हणजे पहिली निवड तिथेच झाली होती, आणि तिला कोणी निवड म्हटले नव्हते. पाहणी संपलेली, गावे पांगलेली, पैसे खर्च झालेले. पुन्हा कोण विचारणार?

आता मी मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अधूनमधून शैलीमापन शिकवते. दोन कादंबऱ्यांतले शब्द मोजून काय सांगता येते, काय येत नाही, वगैरे. मुले हुशार आहेत, संगणकावर हात बसलेला आहे. कोणते शब्द घ्यावेत, हा प्रश्न पहिल्याच तासाला येतो, आणि त्यापाठोपाठ, 'मॅडम, सगळे घालून यंत्रालाच निवडू दिले तर?' त्या दिवशी मी त्यांना स्वित्झर्लंडचा तक्ता करायला देते. परीक्षा गळते. मग विचारते, गळली की गाळली? काहींना हा व्याकरणाचा विनोद वाटतो. एकदोघी वहीत लिहून घेतात.

गुरुजींचे पान मी जपून ठेवले आहे, घड्यांवर फाटत चालले आहे. पहिला प्रश्न: उचल कोणत्या महिन्यात घेतली, आणि मागची फिटली होती का? दुसरा: मागे गावात आजी आहे का, आणि तिला चूल होते का? (याच्याखाली दोनदा रेघ.) तिसरा: मूल हंगामी वसतिगृहात राहिले का, की थोरली बहीण धाकट्याला सांभाळायला फडावर गेली? चौथा: कारखान्याजवळ साखरशाळा होती का, आणि असली तर तिथली हजेरी आमच्या शाळेत कोणी धरली का? पाचवा खोडलेला आहे, वाचता येत नाही. सहावा: पट्टा पडल्यावर मूल परत आले, तेव्हा ते स्वतःच्या वर्गात बसले की खालच्या?